शोकेसमधले ठोकळे

मामू कुवेतहून पहिल्यांदा सुट्टीवर आले ते १९८५ च्या उन्हाळ्यात. त्यांच्या बॅगेतून काय काय निघालं ते मला आजही क्रमाने आठवतं. अम्मीसाठी जपानी साडी, अब्बांसाठी घड्याळ, नानीसाठी जानमाज आणि तस्बी, अत्तराच्या तीन कुप्या आणि सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा एक डबा. डब्यावर पिवळ्या केसांच्या मुलाचं चित्र. आत प्लास्टिकचे ठोकळे. लाल, पिवळे, निळे, पांढरे आणि मोजकेच हिरवे. एकावर एक ठेवून दाबले की टक् असा आवाज व्हायचा आणि ते घट्ट बसायचे. गोंदियाच्या बाजारात तोवर अशी वस्तू आम्ही पाहिली नव्हती.

मी तेव्हा बारा वर्षांची होते, धाकटा भाऊ सहाचा. खेळणं त्याच्यासाठी आणलेलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी डबा शोकेसमध्ये गेला.

ज्यांचं बालपण त्या काळातलं आहे त्यांना शोकेस म्हणजे काय ते सांगायला नको. आमचं शोकेस अब्बांनी स्वतः केलं होतं. ते आरागिरणीत सुतारकाम करायचे. मालकाकडून उरलेले सागाचे तुकडे मागून, जोडून जोडून त्यांनी ते उभं केलं, पुढे सरकत्या काचा लावल्या. त्यात चिनीमातीचा कपबशीचा संच, ज्यातून कधी कुणी चहा प्यायलं नाही. मक्का-मदिनेची तसबीर. प्लास्टिकची फुलं. आणि आता त्या ठोकळ्यांचा डबा, चित्राची बाजू समोर करून. घरात आलेला पाहुणा विचारायचा, हे काय? मग अम्मी सांगायची, भाईजानने कुवैत से भेजा. त्या डब्यातून आमच्या घराची पत दिसायची. मुलाचा खेळ त्यापुढे काय?

वर्षातून दोनदा डबा खाली यायचा, दोन्ही ईदांना. शिरखुर्मा झाला, ईदी मिळाली, पाहुणे पांगले की सतरंजीवर ठोकळे ओतले जायचे. असरची अजान झाली की परत डब्यात. आत जाताना अम्मी मोजायची. अम्मी विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे दिवसाला किती कट्टे, त्यातली छाट किती निघाली, हा हिशेब तिच्या बोटांत बसलेला होता. अक्षरओळख बेताची, पण मोजण्यात ती कधी चुकली नाही. बहात्तर ठोकळे होते. दर ईदला बहात्तर.

एका बकरी ईदला एकाहत्तर भरले.

मोठी म्हणून लक्ष ठेवायची जबाबदारी माझी होती. लाल, लांबटातला एक ठोकळा कमी होता. मी भावाला विचारलं, तो गप्प. पुन्हा विचारलं, तो जमिनीकडे बघत राहिला. मी त्याच्या कानाखाली एक वाजवली. तेव्हा तो म्हणाला, "घर बना रहा था आपा. दरवाजे को लगाया." आमच्या घरामागे राइस मिल होती आणि मिलच्या भिंतीला लागून कोंड्याच्या राखेचा ढीग असायचा, काळा, मऊ, ओली केली की हवा तो आकार घेणारा. तिथे त्याने घर बांधलं होतं आणि दाराला लाल ठोकळा लावला होता. मगरिबपर्यंत आम्ही ती राख उपसली. ईदचे नवे कपडे काळे झाले, त्याबद्दल दोघांनी वेगळा मार खाल्ला. ठोकळा सापडला नाही.

त्यानंतर भावाने त्या डब्याला हात लावला नाही. पुढच्या ईदला अम्मीने डबा काढला, तर तो बाहेर निघून गेला.

मग तो खेळायचा कशाने? अब्बा संध्याकाळी आरागिरणीतून पोतंभर कटपीस आणायचे, चुलीसाठी. सागाचे, बीजाचे, कधी आंब्याचे तुकडे. एका बाजूने करवतीचे, दुसऱ्या बाजूने सालीचे. रात्री जेवणं होईपर्यंत भाऊ चुलीजवळ बसून त्यांचं काहीतरी रचायचा. पूल, गोंदिया जंक्शनचा प्लॅटफॉर्म, मशिदीचा मिनार. फज्रला उठून अम्मी तेच तुकडे चुलीत घालायची. रोज संध्याकाळी बांधकाम आणि रोज सकाळी राख. त्याची त्याने कधी तक्रार केली नाही. पोळ्याच्या आधी अब्बा मोहल्ल्यातल्या मुलांना तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचे बैल करून द्यायचे, तेव्हा चाकं तासायचं काम भावाकडे असायचं. हात त्याचा चांगला होता, पण घरात कुणी त्याची नोंद केली नाही. आमच्याकडे नोंद निकालपत्रातली व्हायची.

आठवीत तो गणितात नापास झाला. पुन्हा बसायला तयार नव्हता. एका सेंट्रिंगवाल्याच्या हाताखाली लागला. मी डीएड केलं, जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले. एका चापटीने त्याचं शिक्षण सुटलं असं मी म्हणत नाही, आयुष्य इतकं सोपं नसतं. पण ती चापट मला आठवते, आणि ती मारली तेव्हा माझ्या डोक्यात भाऊ नव्हता, बहात्तर हा आकडा होता, हेही आठवतं.

आता इतक्या वर्षांनी हे सगळं उकरून काढायचं कारण सांगते.

गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माझी शाळा आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता, पट एकोणीस. वर्गातल्या लोखंडी कपाटात शैक्षणिक साहित्याची एक पेटी आहे. तिच्यात रंगीत जोडठोकळे, मणी, आकारांच्या पट्ट्या असं बरंच काही. ती पेटी कुलपात असायची. किल्ली माझ्याकडे. साहित्य हरवलं तर रजिस्टरला नोंद करावी लागते, नवीन मिळेल तेव्हा मिळेल, मुलं तोंडात घालतात, घरी नेतात. कारणं हवी तेवढी होती. फोटो पाठवायचा असला की पेटी निघायची, मुलांना गोल बसवून फोटो, पुन्हा पेटी आत. आत ठेवताना मी मोजायची.

अम्मी हयात नाही. पण तिच्या शोकेसची किल्ली माझ्याच पदरात आली होती, हे माझ्या ध्यानात यायला ऑगस्टचा तो दिवस उजाडावा लागला.

त्या दिवशी असाच फोटो काढायचा होता. ठोकळे ओतले. पोरांनी त्यांना येतं ते सुरू केलं: कुणी उंचच उंच मनोरा, कुणी बंदूक, एकाने मोबाइल करून कानाला लावला. वर्गात एक मुलगी होती. तिचं घर सालेकसाकडचं, घरी छत्तीसगढी बोलतात. दोन महिने होत आले तरी वर्गात तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची तेवढंच. वाचनाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे मी "प्रारंभिक" लिहून ठेवलं होतं. तिने मनोरा केला नाही. ठोकळे एका ओळीत आडवे लावले. त्यावर दुसरा थर, पण अर्ध्याने सरकवून, म्हणजे खालच्या दोन ठोकळ्यांचा सांधा वरच्या ठोकळ्याच्या बरोबर पोटाखाली येईल असा. कडेला आल्यावर तिला अर्ध्या लांबीचा ठोकळा लागला. ढिगात शोधला, मिळाला नाही. तिने शेजारच्या मुलाचा हात धरला आणि म्हणाली, "अद्धा दे."

वर्गात मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी विचारलं, अद्धा कशाला पाहिजे? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं मोठं होऊन हे ठाऊक नाही! "नाही तं फाटते, मॅडम." शेजारच्या मुलाने ठोकळ्यांवर सरळ ठोकळे ठेवून भिंत केली होती, सगळे सांधे खालून वरपर्यंत एका रेषेत. तिने एक बोट लावलं. भिंत मधोमध उघडली, दाराच्या दोन फळ्यांसारखी.

गवंडी याला सांधामोड म्हणतात. उभा सांधा एका रेषेत आला की भिंतीचा तेवढा भाग वेगळाच उभा असतो, वरचं वजन शेजारच्या विटेला वाटलं जात नाही. सात वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं? तिचे आईवडील दर हंगामात वीटभट्टीवर जातात. धान कापून झालं, दिवाळी उरकली की कुटुंब निघतं ते पावसाच्या तोंडावर परततं. चालता येऊ लागल्यापासून तिचे हिवाळे-उन्हाळे विटांमध्ये गेले आहेत.

इथे एक थांबा घेते, कारण ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा सगळ्यांना फार गोड वाटली. बघा, अनुभवातून शिक्षण! मला ती तेवढी गोड वाटत नाही. भट्टीवर लहान मुलं कच्च्या विटा वाळायला उलथवतात, रचतात. त्याला खेळ म्हणत नाहीत. शिक्षणहक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू आहे आणि तरी वर्षातले सहा महिने तिच्या नावापुढे मी गैरहजेरी लावते. ती जे शिकली ते भट्टीने दिलं म्हणून भट्टीचं कौतुक करायचं कारण नाही. लाज वाटायची तर ती मला वाटायला हवी, की तिला येत असलेलं दिसावं म्हणून माझ्या वर्गात दोन महिने एकही ठोकळा बाहेर नव्हता.

त्या रात्री मी वाचायला बसले. पुष्कळसं डीएडच्या वेळी परीक्षेपुरतं पाठ केलेलंच होतं, पण तेव्हा ते नुसते सन आणि नावं होती.

फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मन शिक्षक. १८३७ मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी खेळाचं केंद्र काढलं आणि १८४० मध्ये त्याला नाव दिलं किंडरगार्टन, मुलांची बाग. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो "देणग्या" म्हणायचा. तिसरी देणगी म्हणजे लाकडाचा दोन इंची घन, आठ लहान घनांत कापलेला. चौथी तोच घन, पण आठ विटांत कापलेला: दोन इंच लांब, एक रुंद, अर्धा जाड. मुलाने यातून खुर्ची करावी, मग तीच खुर्ची न मोडता, एकेक तुकडा सरकवत तिचा पूल करावा, आणि एकही तुकडा बाजूला टाकू नये, असा त्याचा आग्रह. प्रशियाच्या सरकारला एवढ्याचीही भीती वाटली. १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत होती. फ्रोबेल १८५२ मध्ये वारला, बंदी उठलेली त्याने पाहिली नाही. अमेरिकेतला मोठा वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट लहानपणी याच देणग्यांशी खेळला होता. त्याच्या आईने त्या १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहिल्या होत्या. ते गुळगुळीत लाकूड म्हातारपणीही आपल्या बोटांत आहे, असं तो सांगायचा.

प्लास्टिकच्या ठोकळ्यांची गोष्ट मात्र एका सुताराची निघाली, आणि ते वाचून मला अब्बा आठवले. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा ओले कर्क ख्रिश्चनसेन. मंदीत घरबांधणीची कामं थांबली, तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडाची खेळणी करू लागला. लेगो हे नाव त्यांच्या भाषेतल्या "छान खेळ" अशा अर्थाच्या दोन शब्दांचं. प्लास्टिकची वीट नंतर आली. पोटात नळ्या असलेली, घट्ट बसणारी जी वीट आज आपण ओळखतो तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. ती त्याच्या मुलाने नोंदवली, ओले कर्क त्याच वर्षी गेला. आठ टोकांच्या एकाच रंगाच्या दोन विटा चोवीस तऱ्हांनी जोडता येतात, तीन विटा १०६० तऱ्हांनी, आणि सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. आमच्या डब्यात बहात्तर होत्या आणि आम्ही त्यांची एकच रचना केली, डब्यात भरून ठेवण्याची.

आपल्याकडे हे कळलेलं नव्हतं असं मात्र नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं ते शहरी माँटेसरी साहित्याशिवायच. माँटेसरीचा गुलाबी मनोरा म्हणजे एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतचे दहा घन, इतके अचूक कापलेले की किंमत वाढणारच. ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, काड्या, मणी हेच साहित्य मानलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे. अरविंद गुप्तांनी सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या गावांत काम करताना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर भूमितीचे आकार उभे केले. म्हणजे पैशाचं कारण आपल्याला देता येत नाही.

मग अडतं कुठे? आपल्या मोहल्ल्यापुरतं बोलते, रागावू नका. आपलं पोर फज्रनंतर सिपारा घेऊन मदरशात जातं, तिथून शाळेत, शाळेतून ट्यूशनला. मधे जो अर्धा तास उरतो त्यात ते काही मांडून बसलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, क्या वक्त बर्बाद कर रहा. दीन आणि दुनिया दोन्ही सुधारायच्या घाईत खेळाला जागाच राहिली नाही. पण बुखारी शरीफमध्येच आहे की हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळायच्या, आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेषितांना (स.) पाहून आडोशाला गेल्या तर ते त्यांना परत खेळायला पाठवायचे. अबू दाऊदमधली हकिकत तर मला फार आवडते. त्या खेळण्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला घोडा होता. प्रेषितांनी विचारलं, घोड्याला पंख? आयेशांनी उलट विचारलं, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का? यावर ते दाढा दिसेपर्यंत हसले. घोड्याला पंख नसतात, हे चुकलं, पुन्हा कर, असं ते म्हणाले नाहीत. मी शिक्षिका आहे, मी कदाचित म्हटलं असतं.

भावाला मी फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तो आता स्वतः सेंट्रिंगची कामं घेतो, हाताखाली आठ-दहा माणसं आहेत. मी म्हटलं, स्लॅबच्या फळ्यांचे तुकडे पडून असतील, शाळेतल्या पोरांसाठी ठोकळे कापून देशील का? पेटीतले जोडठोकळे एकोणीस मुलांना पुरत नाहीत. त्याने विचारलं, "कौन से नाप के?" मला सांगता येईना. मग मी त्या मुलीची भिंत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, फिर तो ईंट के नाप के ही चाहिए.

रविवारी त्याने मला समजावलं. जुन्या मापाची वीट नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. दोन विटा रुंदीने शेजारी ठेवल्या की एका विटेची लांबी भरते. तीन विटा जाडीवर उभ्या केल्या तरीही तीच लांबी भरते. नऊमध्ये दोनदा साडेचार आणि तीनदा तीन. प्रत्यक्षात मसाल्याची जाडी सोडावी लागते, पण ठोकळ्यांना मसाला नाही, म्हणून माप अगदी बसेल. म्हणजे एकाच आकारात अर्धाही आहे आणि तृतीयांशही. फ्रोबेलच्या विटेत नुसता अर्धा आणि पाव आहे. तृतीयांश शिकवताना मी आजवर फळ्यावर भाकरी काढत आले होते, आणि गणितात नापास झालेला माझा भाऊ मला हे पेन्सिलीने सिमेंटच्या पोत्यावर काढून दाखवत होता.

दीड इंची फळी त्याच्याकडे पडलेलीच होती. विटेचं सगळं माप निम्मं केलं: साडेचार, सव्वादोन, दीड. ऐंशी पूर्ण, तीस अद्धे आणि दहा तिरपे कापलेले, उताराला. कडा पॉलिश पेपरने इतक्या घासल्या की गालावर फिरवा. रंग कोणता द्यायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. घरच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून आहे, पण त्याच्या साइटवर उरलेला डबा कधीचा आणि कशाचा ते कोण सांगणार? लहान मुलं तोंडात घालणार हे धरूनच चालावं. शेवटी गेरू, हळद आणि नीळ. हळदीचा पिवळा महिन्याभरात उडाला, गेरू हाताला लागतो, नीळ तेवढी टिकली. विकतचं घ्यायचं असेल तर आयएसआय शिक्का पाहून घ्या, तो २०२१ च्या जानेवारीपासून सक्तीचा आहे. आणि तीन वर्षांखालच्या पोराला त्याच्या तोंडात मावेल असा तुकडा देऊ नका.

धुतलेल्या सिमेंटच्या पोत्यात भरून तो ते शाळेत घेऊन आला. पोतं माझ्या टेबलाजवळ ठेवलं आणि म्हणाला, "गिन लो आपा. पूरे हैं."

हसत म्हणाला की कसं, ते मला कळलं नाही. चाळीस वर्षांत त्या लाल ठोकळ्याचं नाव आमच्यात एकदाही निघालेलं नाही. मी म्हटलं, मोजायचे नाहीत. तो म्हणाला, बरं. मग तो मुलांजवळ खाली बसला आणि तासभर उठला नाही. साइटवर माणसं खोळंबली होती, फोन वाजत होता.

पोतं तेव्हापासून वर्गाच्या कोपऱ्यात उघडं असतं. शिकवायचं असं मी त्यात फार ठेवलेलं नाही. मुलं काय करतात ते पाहते. न्यूयॉर्कच्या हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने १९३३ मध्ये लिहून ठेवलं आहे की मूल आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहतं, मग रांगा आणि थर लावतं, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल करतं, मग कुंपण घालतं, मग नक्षी, आणि त्यानंतर त्याला नाव देतं. माझ्या वर्गात अंगणवाडीतली लहान भावंडं येऊन बसतात, ती वाहण्यात असतात. पहिलीतली पुलाशी झटतात. दोन खांबांत अंतर किती ठेवलं तर वरचा ठोकळा पडणार नाही, हे कळायला एका मुलाला चार दिवस लागले. मी सांगितलं असतं तर चार सेकंद लागले असते. तोंड दाबून गप्प बसणं हे शिक्षकाला सगळ्यात अवघड काम आहे, माझ्याकडून दोनदा बोललं गेलंच.

भाषाही तिथेच होते. घरी पोवारी, झाडीबोली, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी मुलं ठोकळ्यांभोवती मराठी बोलायला लागतात, कारण शेजाऱ्याकडून अद्धा हवा असतो. नवेगावबांधचं तळं बांधलं गेलं, त्यात सारस म्हणून दोन उभे अद्धे. एकाने राइस मिल केली आणि शेजारी राखेचा ढीग म्हणून खरी माती आणून टाकली. मी ओरडले नाही, नंतर सगळ्यांनी मिळून झाडलं. त्या मुलीने विहीर केली. गोल भिंत चौकोनी ठोकळ्यांनी होते हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक ठोकळा किंचित वळवत नेला की होते. विहिरीबद्दल ती आठ वाक्यं बोलली. मी ती तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली आणि तिने ती वाचली. खरं तर पाठच होती, पण बोट बरोबर शब्दावर फिरत होतं. तक्त्यातला "प्रारंभिक" मी खोडला.

दिवाळीनंतर ते लोक निघाले. वडील दाखल्याचं विचारायला आले होते. मी म्हटलं, दाखला नको, नाव इथेच राहू दे, जिथे भट्टी आहे तिथल्या शाळेत बसवा. ते हो म्हणाले. दर वर्षी म्हणतात तसंच. सध्या तिच्या रकान्यात रोज तीच खूण पडते.

परवा पावसाळी शेड झाडताना मुलांनी हौसेने ठोकळे मोजले, बेरीज शिकवतच होते. एकशे अकरा निघाले. एक छपरावर आहे. दोन कुणाच्या तरी खाटेच्या पायाखाली आहेत, असं त्याच्या बहिणीने सांगितलं. बाकीचे गावात असतील.

एक कुठे आहे ते मला ठाऊक आहे. शेवटच्या दिवशी ती निघाली तेव्हा तिच्या दप्तराची चेन तुटलेली होती आणि पाटीच्या खाली हळदीचा उडालेला पिवळा अद्धा दिसत होता. मी तिला जवळ बोलावलं, चेनीच्या जागी सेफ्टीपिन लावून दिली आणि दप्तर नीट धर म्हणाले, वाटेत काही पडायला नको.